आधी नदीचं मुख, मग बेटं: तेरेंगानूला जायचं तर

मे संपत आला की मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून झाकल्या जातात आणि पुढचे तीन-चार महिने समुद्र लांबूनच बघायचा. नेमक्या त्याच काळात मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं तेरेंगानू राज्य ऐन बहरात असतं. आपल्यावर बरसणारा नैर्ऋत्य मोसमी वारा तिथे पोचेपर्यंत मधले डोंगर आडवे येतात आणि त्यांच्यामागचा किनारा शांत राहतो. तिथला पाऊस ईशान्य वाऱ्यांबरोबर येतो, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा समुद्र खवळतो, बेटांवरची बहुतेक हॉटेलं बंद होतात, डिसेंबरात अनेकदा पूरही येतात. म्हणून दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत तेरेंगानूचा बेत करू नका. एप्रिल ते सप्टेंबर हा काळ धरा.

आपल्याकडून तिथे जाणारे बहुतेकजण क्वालालंपूरला उतरतात, थेट धक्का गाठतात, परहेंतियान किंवा रेदांग बेटावर तीन दिवस मासे आणि प्रवाळ बघतात आणि परततात. पाणी सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मलय माणसाचं घर, त्याचं जेवण, त्याच्या हातातली कला हे सगळं बेटांवर नाही. ते नदीच्या मुखाशी, क्वाला तेरेंगानू या राजधानीत आणि आसपासच्या वाड्यांत आहे. मलय भाषेत ‘क्वाला’ म्हणजे नदीचं मुखच. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की पहिले तीन दिवस तिथे द्या आणि मग बेटांकडे वळा. उलट केलंत तर बेटांवरून दमून आल्यावर शहरात मन लागत नाही.

पायरी पहिली: वार बघून तिकीट काढा

तेरेंगानूत आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. रविवारी शाळा, कचेऱ्या, कारागिरांच्या कार्यशाळा सगळं चालू. गुरुवारी संध्याकाळपासून स्थानिक कुटुंबं समुद्राकडे निघतात आणि शनिवारी त्यांत क्वालालंपूरची भर पडते. त्यामुळे गुरुवारी रात्री तेरेंगानूत पोचा, शुक्रवार ते रविवार नदीमुखाशी काढा आणि सोमवारी सकाळी बेटाची बोट धरा. बेटं निवांत मिळतात, खोल्याही थोड्या स्वस्त पडतात.

शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला, साडेबारा ते अडीचच्या सुमारास, बहुतेक दुकानं आणि खाणावळी बंद असतात. त्याआधी जेवून घ्या. रमझानमध्ये दिवसभर बहुतेक खाणावळी बंदच असतात, पण संध्याकाळी खाद्यपदार्थांचे जे बाजार भरतात ते बघण्यासारखे असतात. या उपासाला तिथे ‘पुआसा’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘उपवास’चाच भाऊबंद. असे शब्द पुढे बरेच भेटतील.

पायरी दुसरी: कागदपत्रं आणि पोचणं

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाली आणि नंतर ती २०२६ अखेरपर्यंत वाढवली गेली. ती मुदतीची असल्याने तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री करा. एमडीएसी नावाचं डिजिटल आगमन-पत्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. ते मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं तर ते लगेच बंद करा.

मुंबईहून क्वालालंपूर सुमारे साडेपाच तास, तिथून क्वाला तेरेंगानू तासाभराचं विमान. दोन्ही विमानं वेगवेगळ्या टर्मिनलवरून असू शकतात, म्हणून मध्ये किमान चार तास ठेवा. बसही चांगल्या आहेत, सहा-सात तास लागतात. रेल्वे अजून नाही, मार्गाचं काम सुरू आहे. शहरात ग्रॅब ही ॲपवरची टॅक्सीसेवा चालते. गाडी भाड्याने घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवा. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि रस्ते रिकामे असतात. प्लगला तीन चौकोनी पिना लागतात, तेवढा अडॅप्टर घ्या. घड्याळ अडीच तास पुढे करा.

कपड्यांचं एक सांगतो. हा धार्मिक वळणाचा मलय मुलूख आहे. शहरात आणि गावात खांदे-गुडघे झाकलेले असावेत. मशिदीत पाहुण्यांसाठी झगे ठेवलेले असतात, ते घालून आत जाता येतं. दारू शहरात फार थोड्या ठिकाणी मिळते, त्यामुळे ती अपेक्षा घेऊन जाऊ नका.

पायरी तिसरी: नदीमुखाशी तीन दिवस

पहाट नासी दागांगने सुरू करा. तांदूळ आणि चिकट तांदूळ एकत्र भिजवून वाफवतात, त्यात नारळाचं दूध, बारीक कांदे आणि मेथीदाणे घालतात. मेथीच्या त्या किंचित कडवट वासाने मराठी माणूस पहिल्याच घासाला थबकतो. सोबत तोंगकोल माशाचं दाट कालवण, म्हणजे आपल्याकडच्या गेदराचं. मासा आधी ज्या आंबट चकत्यांबरोबर उकळतात त्या ‘आसाम केपिंग’ आपल्या कोकमाच्याच कुळातल्या फळाच्या. म्हणजे सोलांची सवय असलेल्या जिभेला हे जेवण परकं वाटत नाही. हा सकाळचा पदार्थ आहे. दहानंतर गेलात तर पातेलं रिकामं मिळेल.

विकणारी बाई वयाने मोठी असेल तर तिला ‘मकचिक’ म्हणा, पुरुषाला ‘पकचिक’. आपलं काकू आणि काका. तरुण असेल तर ‘काक’ आणि ‘आबांग’, म्हणजे ताई आणि दादा. नुसतं ‘हॅलो’ म्हणून बोट दाखवण्यापेक्षा या एका शब्दाने चेहरा बदलतो. इथली बोली क्वालालंपूरच्या मलयपेक्षा वेगळी आहे: शेवटचा ‘न’ किंवा ‘म’ नाकात जातो, ‘माकान’चं ‘माकांग’ होतं, ‘आयाम’चं ‘आयांग’. चार शब्द शिकून गेलेल्यालाही पहिला दिवस काही कळत नाही, त्याने खट्टू होऊ नये.

त्यानंतर पासार पायांग, नदीकाठचा मोठा बाजार. इथे बाटिक, पितळी भांडी, सुके मासे, बुदू नावाचं आंबवलेल्या माशाचं पातळ तोंडीलावणं, सगळं आहे. पण पहिल्याच दिवशी कापड घेऊ नका. आधी ते बनतं कसं ते बघा आणि मग बाजारात या, म्हणजे भाव कशाचा द्यायचा ते कळतं. बाजारापासून चालत गेलं की कांपुंग चिना लागतं, चिनी व्यापाऱ्यांची जुनी पेठ. लाकडी मजल्यांची अरुंद घरं, मध्ये हो आन क्योंग हे १८०१ सालचं देऊळ. तास-दीड तास पुरतो.

शहराच्या लोसोंग भागातल्या राज्य संग्रहालयाला मात्र अर्धा दिवस द्या. इमारतच लाकडी मलय राजवाड्याच्या धर्तीवर, उंच खांबांवर उभी आहे. आत जाऊन सरळ ‘बातू बर्सुरात’कडे, म्हणजे कोरीव शिलालेखाकडे जा. क्वाला बेरांग गावाजवळ १८८७ साली पूर ओसरल्यावर हा दगड सापडला. अरबी वळणाच्या जावी लिपीत मलय मजकूर, आणि हिजरी ७०२ म्हणजे इसवी सन १३०३ हे त्याचं सर्वसाधारण मान्य साल. दगडाची कड तुटलेली असल्याने आकड्याचा पुढचा भाग गेला आहे आणि काही अभ्यासक तो थोडा अलीकडचा धरतात. युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत तो २००९ साली गेला.

मला या दगडापुढे जास्त वेळ थांबवलं ते एका शब्दाने. इस्लामचे नियम सांगणारा हा लेख ईश्वराला ‘देवता मुलिया राया’ म्हणतो. नवा धर्म आला, नवी लिपी आली आणि देवासाठी शब्द मात्र जुना, संस्कृत राहिला. हे एकदा वाचलं की मग रस्त्यावरच्या पाट्याही वेगळ्या दिसू लागतात: बाहासा म्हणजे भाषा, वर्ना म्हणजे वर्ण, भूमीचं बुमी, राजा, गुरू, रासा. मार्गदर्शकाशिवाय गेलात तर या दालनातली माहिती शांतपणे वाचा. लोक इथून फोटो काढून दोन मिनिटांत पुढे जातात.

संग्रहालयातून बाहेर पडलात की लोसोंगच्या वाडीतच केरोपोक लेकोर बनतं. माशाचा गर आणि सागो पीठ, मीठ घालून मळतात. बनवणारी मकचिक गोळा उचलते, पीठ भुरभुरवलेल्या फळीवर ठेवते आणि दोन्ही तळव्यांनी पुढे-मागे अशी लोटते की चार हेलकाव्यांत हातभर लांब, सारख्या जाडीची वळकटी तयार. ती उकळत्या पाण्याच्या काहिलीत जाते, आधी तळाशी बसते, शिजली की आपोआप वर येऊन तरंगते. तरंगली की काढायची, हेच घड्याळ. गरम गरम, राखाडी, लिबलिबीत दिसणारी ती कांडी मिरचीच्या चटणीत बुडवून खायची. दिसण्यावर जाऊ नका. तळलेली कुरकुरीत आवडते, पण आधी उकडलेली खा, कारण माशाचा ताजेपणा तिच्यातच कळतो.

त्यानंतर दुयोंग. नदीमुखातलं हे छोटं बेट, पूल असल्यामुळे गाडीने पोचता येतं. इथे चेंगाल नावाच्या जड, टणक लाकडाच्या मोठ्या होड्या बांधायची परंपरा आहे. कागदावरचा आराखडा नाही. आधी फळ्या एकावर एक चढवून बाहेरचं कवच उभं करतात आणि मग आतून फासळ्या बसवतात. फळ्या जोडायला लाकडी खुंट्या असतात, खिळे नाहीत. मी बघायला गेलो तेव्हा एक वयस्क पकचिक दोन फळ्यांच्या सांध्यात कागदासारखी पापुद्र्या-पापुद्र्यांची साल घालत होते. गेलाम झाडाची साल. पाण्यात ती फुगते आणि फट आपोआप बुजते. ती हातात घेऊन बघायला दिली त्यांनी. मऊ, कोरडी, पोथीच्या जुन्या पानासारखी. आता काम करणारे कारागीर फार थोडे उरले आहेत, लाकूड महाग झालंय आणि कधी कधी शेडमध्ये एकही होडी नसते. म्हणून राहण्याच्या ठिकाणी आदल्या दिवशी चौकशी करा. गेलात तर परवानगी घेऊन आत जा आणि हत्यारांना हात लावू नका.

सोंगकेत आणि बाटिक रविवारी बघा, कार्यशाळा भरलेल्या असतात. सोंगकेत म्हणजे रेशमी किंवा सुती ताण्यात जरीचा जादा बाणा उचलून-उचलून विणलेलं कापड. २०२१ साली ते युनेस्कोच्या वारसायादीत आलं. आपल्या पैठणीच्या पदरात नक्षीसाठी रंगीत धागे एकमेकांत अडकवून कापडच घडवतात. सोंगकेतमध्ये कापड आधीच असतं, जर त्याच्यावर तरंगते. हा फरक समजून घेतला तर दोन्हींचा मान वाढतो. नक्षींची नावंही विचारा: ‘पुचुक रेबुंग’ म्हणजे बांबूचा कोंब, तो त्रिकोण जवळजवळ प्रत्येक कापडावर दिसेल. हातमागाच्या एका कापडाला महिने लागतात, त्यामुळे ते महाग असणारच. स्वस्तात ‘सोंगकेत’ म्हणून मिळतं ते बहुधा छापील असतं. उलटी बाजू बघा, बोट फिरवा. विणलेली जर हाताला उठून लागते. माझं मत विचाराल तर अख्खं कापड परवडत नसेल तर विणकराकडूनच एखादी लहान पट्टी घ्या, नकली मोठं घेऊ नका.

बाटिकमध्ये गरम मेणाने रेषा काढतात, मधले भाग कुंचल्याने रंगवतात, रंग पक्का करून मेण उकळत्या पाण्यात काढतात. अनेक ठिकाणी तुम्हाला रुमालाएवढं कापड स्वतः रंगवायला देतात. मुलं सोबत असतील तर ही सकाळ चुकवू नका.

संध्याकाळी बातू बुरुकचा किनारा. माणसांनी फुललेला असतो, पतंग, तळलेले मासे, चहा. पाण्यात मात्र उतरायचं नाही. तळ झपाट्याने खोल जातो आणि ओढ जबरदस्त आहे. पोहणं बेटांवर. अंधार पडल्यावर नदीतल्या वान मान बेटावरची काचेची मशीद बघा, २००८ साली उघडलेली. तिचं रात्रीचं रूप दिवसापेक्षा खूपच देखणं.

शाकाहारी असाल तर

इथे खरंच अवघड आहे, आधीच सांगतो. भाजीच्या आमटीतही बेलाचान, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा असतो आणि ‘मांस नाही’ म्हटलं तर मासे चालतात असं गृहीत धरतात. त्यामुळे प्रत्येक गोष्ट नाव घेऊन सांगा: ‘साया ताक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग’ — मी मांस, कोंबडी, मासे, कोळंबी खात नाही. ‘ताक नाक बेलाचान’ हे वेगळं सांगा. अंडं नको असेल तर ‘तेलुर’ही जोडा. रोती चनाई आणि डाळ जवळपास सगळीकडे मिळते, पण डाळीत रस्सा मिसळतात का ते विचारून घ्या. चिनी पेठेत शुद्ध शाकाहारी जेवण मिळायची शक्यता जास्त. बेटांवर जाताना थेपले, मेतकूट, भाजलेले पोहे सोबत ठेवा. आमच्या गटातल्या दोघांचे तीन दिवस त्यावरच निघाले.

पायरी चौथी: केन्यीर, वेळ असेल तरच

१९८५ च्या सुमारास धरणामुळे तयार झालेला हा विशाल जलाशय, त्यात पूर्वीच्या टेकड्यांची सुमारे ३४० बेटं झाली आहेत. शहरापासून ‘पेंगकालान गावी’ नावाच्या धक्क्यापर्यंत तासाभराचा रस्ता, तिथून बोट. लासिर धबधबा, बेवाहची गुहा आणि केलाह माशांचं अभयारण्य एका दिवसात होतं. केलाह हा आपल्या महासीरचा सख्खा भाऊबंद, पाण्यात पाय सोडलेत की भोवती जमतात. बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, म्हणून सहा-आठ जण जमवूनच जा. आठ दिवसांपेक्षा कमी हातात असतील तर मी हे वगळेन.

पायरी पाचवी: बरोबर धक्का, मग बेट

हा परिच्छेद नीट वाचा. तेरेंगानूत ‘मरांग’ आणि ‘मेरांग’ अशी दोन वेगळी गावं आहेत. मेरांग शहराच्या उत्तरेला, तिथून रेदांगच्या बोटी सुटतात. मरांग दक्षिणेला, तिथून कापासच्या. उच्चारात फरक इतका बारीक की आम्ही टॅक्सीत नाव सांगितलं आणि अर्ध्या तासाने उलट्या दिशेच्या धक्क्यावर उतरलो. सकाळची बोट गेली, दुपारच्या बोटीत जागा मिळेपर्यंत तीन तास सामानाजवळ बसावं लागलं. नावाबरोबर बेटाचं नावही सांगा, नकाशावर बोट ठेवून दाखवा. परहेंतियानला जायचं तर या दोन्हींपैकी एकही धक्का नाही. त्यासाठी क्वाला बेसुत, शहरापासून दोन तास उत्तरेला.

कुठलं बेट? रेदांगचं पाणी सर्वांत स्वच्छ आणि हॉटेलं ऐसपैस, कुटुंबाला सोयीचं. परहेंतियानची दोन बेटं, त्यांपैकी ‘केचिल’ म्हणजे लहान हे तरुणांचं आणि ‘बेसार’ म्हणजे मोठं हे शांत. नावाचा अर्थ थांबा: जुने दर्यावर्दी इथे विसाव्याला थांबत. कापास सगळ्यांत जवळ, बोटीने पंधरा मिनिटं. नाव ‘कापूस’वरूनच, पांढऱ्या वाळूमुळे. आजी-आजोबा सोबत असतील तर मी कापास निवडेन.

वेगबोटीत मागच्या बाजूला बसा, पुढे आदळआपट जास्त. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोट सुटू देऊ नका. रोख रक्कम शहरातूनच काढा, परहेंतियानवर एटीएम नाही. मरीन पार्कचं शुल्क धक्क्यावर भरावं लागतं, पावती जपा. पाण्यात प्रवाळाला पाय टेकवू नका, दमलात तर उताणे तरंगा.

कासवांविषयी

वेळासला कासवं बघितलेल्यांना हे जवळचं वाटेल. शहराच्या दक्षिणेला रांताउ आबांगच्या किनाऱ्यावर १९५०च्या दशकात लेदरबॅक कासवांची वर्षाला सुमारे दहा हजार घरटी होत. आज ती जवळजवळ नाहीशी झाली आहेत. अंडी खाण्याची जुनी सवय, मासेमारीची जाळी आणि पर्यटकांची गर्दी यांचा तो परिणाम. हिरवी कासवं अजून येतात, रेदांगच्या चागार हुतांग किनाऱ्यावर तिथल्या विद्यापीठाचं संवर्धनकेंद्र १९९३ पासून काम करतं. तेरेंगानूत सगळ्या कासवांच्या अंड्यांच्या विक्रीवर २०२२ पासून बंदी आहे. कुणी बाजारात हळूच विचारलं तर नाही म्हणा, मुकाट्याने पुढे जाऊ नका, स्पष्ट नाही म्हणा.

रात्री किनाऱ्यावर जायचं तर संवर्धकांबरोबरच. बॅटरी बंद, फ्लॅश बंद, मादीच्या समोर जायचं नाही. ती अंडी घालायला लागेपर्यंत मागे, वाळूत बसून राहायचं. तास-दोन तास लागतात आणि कधी कधी कासव येतच नाही. त्या रात्रीही वाळू आणि आभाळ असतंच.

परतताना

शेवटच्या सकाळी पुन्हा लोसोंगला जाऊन केरोपोक केपिंग घ्या. तेच मिश्रण, पण चकत्या करून उन्हात वाळवलेलं, आपल्या पापडासारखं. ताजं लेकोर विमानात नेऊ नका, टिकत नाही आणि वासही सुटतो. चकत्या सीलबंद घ्या, पाकिटावर घटकांची चिठ्ठी आहे ना ते बघा आणि चेक-इनच्या बॅगेत कपड्यांमध्ये ठेवा, नाहीतर चुरा होतो. जुलै-ऑगस्टात मुंबईत उतराल तर हवेने त्या लगेच सादळतात. तळण्याआधी तव्यावर हलक्या आचेवर दोन मिनिटं फिरवा. तेल चांगलं तापू द्या, एका वेळी तीन-चारच टाका. फुलून दुप्पट झाल्या की लगेच काढा, रंग बदलायची वाट बघत बसलात तर करपतात.